भाऊजींनी निवडलेलं जाकीट

माझे धाकटे दीर कुठलीही नवी वस्तू आधी उलटी करून बघत. सदरा, दप्तर, छत्री, काहीही. "वहिनी, बाहेरची बाजू दुकानदारासाठी असते. किती दिवस टिकणार ते आतली शिवण सांगते." मुलगी बघायला गेले, तिथेही त्यांनी लोडाचा अभ्रा उलटून पाहिला. ते लग्न जमलं नाही, आणि पुढे त्यांनी लग्नाचा नादच सोडला. मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

नौदलातून पाणबुड्याचं काम शिकून भाऊजी पालघरला आमच्या घरी परतले. तारापूरच्या किनाऱ्यावर एक कारखाना चरांमधून समुद्राचं पाणी आत घेई. चरांच्या तोंडच्या लोखंडी जाळ्यांवर कालवं, म्हणजे धारदार शिंपली, घट्ट धरत. ती पाण्याखाली जाऊन खरवडायची, हे भाऊजींचं आणि दांडी गावच्या दामूचं काम. पावसाळा सोडला तर दोघं जवळजवळ रोज पाण्यात. अंगात हवेचं जाकीट आणि त्यालाच पाठीवर जोडलेलं श्वासाच्या हवेचं नळकांडं. जाकिटात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो आणि बेतानं भरली की मधेच स्थिर राहतो.

घरी आले की भाऊजी आधी त्या जाकिटाला न्हाऊ घालत. आत गोडं पाणी ओतून खळबळायचं, निथळायचं, अर्धवट फुगवून ओटीवर सावलीत टांगायचं. सासूबाई करवादत, "माझ्या लुगड्यांच्या दांडीवर हा बिनडोक्याचा कोण आणून टांगलास?"

"आई, हा नीट राहिला तर तुझा लेक नीट घरी येईल."

सासूबाई हसत नसत. दुपारचा चहा त्या भाऊजी परतल्याशिवाय घेत नसत. एकदा मला म्हणाल्या होत्या, "मला याच्याआधी जायचंय. बाकी देवाकडे काही मागणं नाही."

कालवांनी घासून जुनी जाकिटं विरली, तेव्हा मुंबईचा एक विक्रेता दोन नमुने घेऊन घरी आला. एक निळं, हलकं, खिसेच खिसे असलेलं. दुसरं काळं, जाड, बोजड. इंग्रजी माहितीपत्रकं वाचायचं काम माझं. "भाऊजी, दोन्हीवर अत्यंत टिकाऊ असंच लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला कालवांवर घासून बघितलंय का कुणी?"

मग आम्ही सगळे शिरगावच्या खडकांवर. भाऊजींनी दोन्ही जाकिटं कालवांवरून फरफटत नेली. "साहेब, अजून विकलं नाही मी!" विक्रेता मागे धावत होता. निळ्याचे धागे निघाले. काळ्यावर नुसते ओरखडे.

पण भाऊजींचं समाधान झालं नाही. घरी येऊन त्यांनी दामूला निळं चढवलं, माझे डोळे पंच्यानं बांधले आणि म्हणाले, "सोडवा याला." त्याचे बंद कापडाच्या पट्टीखाली दडलेले. मी चाचपतच राहिले.

"वयनी, गुदगुल्या नका करू! मी पळत नाय, हितंच हाय."

"खाली गढूळ पाण्यात आमचेही डोळे असेच बांधलेले असतात, वहिनी. आई, आता तू."

जाकिटाला कधी बोट न लावणाऱ्या सासूबाई उठल्या. दामूनं काळं घातलं. डोळे बांधून घेऊन त्यांनी त्याचे खांदे चाचपले आणि मोठे बंद खटाखट सोडले. मग पंचा काढून म्हणाल्या, "हेच घे. त्या निळ्यात मेला नुसता गुंता." दोन्ही जाकिटं काळीच घेतली.

पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी भाऊजी घरी आले ते एकच जाकीट घेऊन. सासूबाईंनी विचारलं, "दुसरं कुठाय?"

"तळाला. दामू वर आहे."

वाहून आलेल्या मासेमारीच्या जुन्या जाळ्यात दामूची पाठ अडकली होती. हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. भाऊजींनी चाचपून बंद सोडले, नळकांड्यासकट जाकीट तिथेच ठेवलं आणि आपल्या नळीतून आलटूनपालटून श्वास देत त्याला वर आणलं. सासूबाईंनी चहा टाकला. दामू बाहेर ओट्यावर बसला होता. त्याच्या हातात त्यांनी पहिला कप दिला.

विक्रेता सुधारित नमुना घेऊन आला, तेव्हा भाऊजींनी तो उलटासुद्धा केला नाही. "पूर्वीचंच द्या. जोडीतल्या दोघांचं सारखं पाहिजे, नाहीतर आपले हात दुसऱ्याच्या अंगावर चुकतात."

त्यानंतर बरीच वर्षं दोघं पाण्यात उतरत राहिले. आता भाऊजीही नाहीत. पण सासूबाई त्यांच्या आधी गेल्या, म्हाताऱ्या होऊन, आपल्या खाटेवर. मी गंगाजळाची कुपी उघडून दिली. त्यांच्या तोंडात पाणी भाऊजींनी घातलं.