गोल तोंडावरचा क्रूस

वसईकडच्या गास गावातल्या प्लासिड मिस्त्रीचं इंजिनांशी जेवढं बोलणं व्हायचं, तेवढं माणसांशी नसायचं. बायको क्लेमेंटीन म्हणायची, "माझ्या जागी एखादा पिस्टन आणला असता, तर निदान गप्पा तरी झाल्या असत्या!" प्लासिड नुसता हसायचा. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की दुकान उघडायचं, क्रूसाची खूण करायची आणि मगच पान्याला हात लावायचा, हा त्याचा नेम.

त्याची स्वतःची एक जुनी इंग्रजी मोटार होती. सपाटीवर बरी चालायची, चढ दिसला की धापा टाकायची. मुलीचं, विनीचं, लग्न ठरलं तेव्हा त्याने साऱ्या नातेवाइकांसमोर सांगून टाकलं, "माझी विनी माझ्याच गाडीतून चर्चला जाईल." नवरीची गाडी बँडच्या मागून जाते, आणि बँडवाले पावलापावलावर थांबून वाजवतात. म्हणजे त्या दिवशी गाडीला पळता नाही आलं तरी चालेल, रांगता आलं पाहिजे.

पण गाडी कशी ठणठणीत हवी, म्हणून प्लासिडने इंजिन उतरवून पुरतं खोललं. वॉल्व्ह उघडणारा जो दांडा असतो, कॅमशाफ्ट, त्याचा एक उंचवटा झिजून गेला होता. कुर्ल्याच्या भंगारात तसले दोन दांडे मिळाले. कुठल्या गाडीचे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. एकाच्या गोल तोंडावर मात्र कुणीतरी कानशीने क्रूस कोरला होता. प्लासिडने डोळे मिटून तोच उचलला. देव खूण दाखवत असताना मापं कसली काढायची?

इंजिन बांधलं, सुरूही झालं. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की वाघासारखं गुरगुरायचं, सोडला की उचक्या देऊन बंद. कळंबच्या रस्त्यावर गाडी सुसाट निघाली, पुढे म्हशी आडव्या आल्या, वेग कमी केला आणि तिथेच मेली.

"पप्पा, लग्नाच्या दिवशी मी गाऊन वर धरून ढकलू का?" विनीने विचारलं.

"तू आत बसून प्रार्थना कर."

"त्यापेक्षा बँडवाल्यांनाच सांगा, पळत वाजवा म्हणून!"

प्लासिडने कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, टायमिंग पुन्हा लावलं. मारियामाउलीपुढे मेणबत्तीही लावली. गुण नाही. लग्न तर परवावर आलं. शेवटी वालीवला लेथ चालवणारा त्याचा दोस्त हरेश्वर आला.

"वरचं झाकण काढ, आणि हँडल हळूहळू फिरव," तो म्हणाला.

दोघं वाकून बघत राहिले. धूर सोडणारा वॉल्व्ह मिटायच्या कितीतरी आधी हवा घेणारा उघडत होता.

"पुढचं दार उघडं, मागचंही उघडं," प्लासिड पुटपुटला. "घरात काही टिकेल कसं?"

"हा शर्यतीच्या गाडीचा दांडा आहे रे. ह्याला फक्त पळायचं ठाऊक. घेतलास कसा?"

"त्यावर क्रूस होता."

दांडा बाहेर निघाला. हरेश्वरने त्याचं तोंड पुसलं, जरासं तिरपं फिरवलं. "नीट बघ. फुली आहे ही. गोल तोंडाला वर काय आणि खाली काय? हा नको, म्हणून कुणीतरी फुली मारून ठेवलीय."

क्लेमेंटीन पदरात तोंड लपवून हसत सुटली. प्लासिड कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "म्हणजे देवाने मला नको म्हणूनच सांगितलं होतं. मीच तिरपं धरलं."

"जुना कुठाय?" हरेश्वरने विचारलं.

"आहे. पण त्याने गाडी चढ चढत नाही."

"तुमच्या घरापासून चर्चपर्यंत चढ आहे कुठे?"

प्लासिडने पाना उचलला. त्याने जुना दांडा परत बसवला. हँडल मारलं, आत बसून पाय दाबला, मग काढून घेतला, आणि इंजिन माळ ओढत रोझरी म्हणणाऱ्या म्हातारीसारखं एका लयीत पुटपुटत राहिलं.

रविवारी बँड पुढे, गाडी मागे, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी क्लेमेंटीन आणि गावातल्या बायका चालत होत्या. एक म्हातारी तर खिडकीला हात टेकूनच विनीशी गप्पा मारत निघाली होती. कोपऱ्यावर बँड थांबला, गाडीही थांबली, इंजिन चालूच.

"पप्पा, जरा दाबा ना," विनी मागून कुजबुजली. "तिकडे सगळे वाट बघत असतील."

"बघू देत," प्लासिड म्हणाला. त्याने आरशातून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाय ब्रेकवरच ठेवला. "घाई तुला असेल, पोरी. मला नाही."