बाने तासलेली मोटार

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. रेवदंड्याच्या बंदरात मुंबईहून एक मचवा आला. त्यात मंगलोरी कौलं होती आणि कौलांवर, दोरखंडांनी आवळलेला, एका विलायती मोटारीचा सांगाडा. दोनच माणसं बसतील एवढी ती मोटार. नाक चेपून पार आत गेलेलं, पुढची चाकं एकमेकांकडे वळलेली. ओहोटीला आठ जणांनी फळ्यांवरून ती खाली घेतली आणि बैलगाडीला बांधून आमच्या वाडीत आणून टाकली.

मी तेव्हा तिशी ओलांडलेला होतो. वयाच्या सतराव्या वर्षी घरातून पळून मुंबईला गेलो होतो, एका गॅरेजात लागलो आणि इंजिनाचं काम शिकलो. हौशी श्रीमंत लोकांच्या शर्यतीच्या मोटारी आमच्याकडे यायच्या. इंजिन मी जुळवायचो, शर्यत ते जिंकायचे. गॅरेजचा मालक सगळं आवरून विलायतेला निघाला तेव्हा मागे कोपऱ्यात ही मोडकी गाडी पडून होती. तिचा धनी घाटात तिच्यातच गेला होता आणि घरच्यांना ती डोळ्यांसमोर नको होती. मालक म्हणाला, "तुला हवी तर ने, नाहीतर भंगारात जाईल." मी नेली. स्वतःच्या हातांनी एक शर्यतीची गाडी बांधायची, एवढंच डोक्यात होतं.

माझा बा होड्या बांधणारा सुतार. मी लाकूड तासायचा वाकस टाकून मुंबईला गेलो याचा राग त्याने कधी बोलून दाखवला नाही. त्याने माझ्याशी बोलणंच कमी केलं. गाडी उतरली त्या दिवशी तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"ह्यात मानूस मेला ना रं?"

"हो. तिचा धनीच चालवत होता."

शेजारचे कुजबुजत होते, की असली अपशकुनी वस्तू दारात नको. बा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "होडीत मानूस मेला म्हनून होडी जालत न्हाय कोनी." आणि घरात निघून गेला.

माझी बायको सुक्या मासळीचा धंदा करायची आणि घर तिच्यावर चालायचं. वाळत घातलेल्या बोंबलांना गाडीचं तेल लागू नये म्हणून तिने मांडव दहा हात पलीकडे हलवला.

माझा बेत साधा होता. ताकद वाढवायची, वजन उतरवायचं. इंजिन सुदैवाने धड होतं. त्याचं हेड घासून खाली आणलं, म्हणजे आतला दाब वाढतो. एका कार्बुरेटरच्या जागी दोन बसवले. खालची चौकट कापून हातभर आखूड केली. जड लोखंडी बॉडी फेकून दिली. तिच्याऐवजी लाकडी सांगाडा करून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकायचा होता. पत्रा मी मुंबईच्या भंगारबाजारातून आणला होता, लढाईत मोडलेल्या विमानांचा.

लाकडी सांगाडा मी केला आणि तो वाईट झाला. सरळ पट्ट्या, कोपऱ्यात सांधे. बा चार दिवस रोज सकाळी येऊन बघायचा आणि जायचा. पाचव्या दिवशी थांबला.

"ह्यो खोका हाय. ह्यात मासली भरतात."

मी हातोडा खाली ठेवला.

"गाडी पलताना वारा कुठनं येतो?"

"समोरून."

"आन् जातो कुठं?"

"मागे."

"मंग त्याला जायाला वाट दे ना."

त्याने बांबूची एक लांब कांब चिरून आणली. तिचं एक टोक गाडीच्या नाकावर मला धरायला लावलं, दुसरं स्वतः शेपटीकडे घेऊन गेला आणि हळूहळू वाकवत राहिला. कुठे थांबायचं ते त्याला नुसत्या नजरेने कळत होतं. होडीची रेघही तो अशीच काढायचा, कागदावर त्याने जन्मात काही काढलं नाही. कांब एका जागी थांबली तेव्हा मला पहिल्यांदा माझी गाडी दिसली.

पुढची दोन वर्षं आम्ही दोघांनी ते काम केलं. जुन्या होड्यांचं सागवान त्याने शोधून आणलं, वाकसाने तासून त्याच्या वाकदार फासळ्या केल्या. त्यांच्यावर मी पत्रा ठोकायचो. पत्रा कुठे उचलला की तो बोटाने दाखवायचा. काम करताना तो बोलायला लागला. आई कशी गेली ते मी त्याच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी मुंबईत होतो आणि वेळेवर पोचलो नव्हतो. त्याबद्दल तो मला काही म्हणाला नाही.

एका सकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. कोंबड्या कुंपणावरून उडाल्या, शेजारची मुलं धावत आली. बा डोळे मिटून फासळ्यांवर हात ठेवून उभा होता. "हितं थरथरतं," तो ओरडून म्हणाला, "हितं अजून एक पायजे." संध्याकाळपर्यंत त्याने ती फासळी बसवली. थरथर थांबली.

मुंबईतल्या एका गृहस्थांना मी पत्र टाकलं. शर्यतीतले जाणकार म्हणून ते ओळखले जात, त्यांच्या गाड्या मी पूर्वी जुळवल्या होत्या. त्यांचं उत्तर आलं: रविवारी येतो, गाडी पसंत पडली तर हिवाळ्यातल्या शर्यतीत उतरवू. हातात तीन दिवस होते. शेपटीवरचा पत्रा व्हायचा होता, बसायच्या जागेखालची फळी बसायची होती.

शुक्रवारी दुपारी गाडीचा मागचा भाग जॅकवर उचललेला होता. खाली दोन लाकडी ठोकळे आधाराला होते. मला गिअरबॉक्सखाली काहीतरी लावायला हवं होतं म्हणून त्यातला एक ठोकळा मी काढून घेतला. दोन मिनिटांत परत लावू, असं मनात म्हटलं. मोठ्याने नाही म्हटलं. बा जेवून आला, नेहमीसारखा कुशीवर आडवा झाला आणि फळीची कड चाचपायला त्याने उजवा हात खाली घातला. आमच्या वाडीची जमीन वाळूची. जॅक तिरका झाला आणि गाडी बसली. फार मोठा आवाजही झाला नाही.

"काढ," बा म्हणाला. "वर काढ."

मला जॅक परत लावायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. हात बाहेर आला तेव्हा तीन बोटं चपटी झाली होती आणि जखमेत ग्रीस, वाळू आणि गंज एकत्र माखलेलं होतं.

गावातल्या डॉक्टरांनी जखम धुऊन बांधली. मला बाहेर बोलावून ते म्हणाले, "आत गंज आणि माती गेलीय. अलिबागला नेऊन धनुर्वाताची सुई द्या. आज नाही तर उद्या सकाळी. पण टाळू नका."

घरी आल्यावर मी ते सांगितलं. बा म्हणाला, "हाताला लागलंय. सुई कशाला? येवढ्यासाठी अलिबागला न्हाय जायाचं."

बायको म्हणाली, "मामा, डाक्तर सांगतात तर जाऊन येऊ. सकालची एसटी हाय. मी येते संगती."

"न्हाय म्हनलं ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर तो गेला असता. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण शनिवार गेला तर शेपटी राहणार होती आणि रविवारी पाहुणे येणार होते.

"सोमवारी नेतो," मी म्हणालो.

ती चुलीकडे वळली.

रविवारी ते गृहस्थ आले. पांढरी विजार, डोळ्यांवर काळा चष्मा. शेपटीचा पत्रा शेवटी झालाच नव्हता, फासळ्या उघड्याच होत्या. ते म्हणाले, हरकत नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्यांनी गाडी पळवली. किनाऱ्याच्या टोकाला ती ठिपक्याएवढी झाली, वळली आणि एवढ्या वेगाने परत आली की बघणारे मागे सरले. उतरले तेव्हा वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "उतरवायची," म्हणाले, "नक्की उतरवायची."

बा बांधावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. पाहुण्यांनी विचारलं, "आजोबा, हाताला काय झालं?"

"लाकूड लागलं," बा म्हणाला. "व्हईल बरं."

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

सोमवारी जखम सुकल्यासारखी दिसत होती, तापही नव्हता. मी विषय काढला नाही. आठव्या दिवशी सकाळी त्याला भाकरीचा घास घेता येईना. जबडा आवळल्यासारखा झालाय, असं त्याने दात न उघडता सांगितलं. बायकोच्या हातातली पेजेची वाटी खाली पडली.

"ह्यो धनुर्वात हाय," ती म्हणाली. "न्या. आता न्या."

सकाळची एसटी गेली होती. दारात चालणारं वाहन एकच होतं. आम्ही बाला उचलून त्या गाडीत बसवलं आणि पंच्याने सीटला बांधलं. तिसऱ्याला जागा नव्हती म्हणून बायको मागून येणार होती. स्वतः बांधलेल्या गाडीत बा बसला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

शर्यतीसाठी मी स्प्रिंगा कडक केल्या होत्या. अलिबागचा रस्ता तेव्हा खडीचा. प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं, पाठ सीटवरून उचलली जायची, दात करकर वाजायचे. हळू चालवलं तर उशीर, जोरात चालवलं तर हे. मी एकदा हळू, एकदा जोरात, असा गेलो. बाजूला बघायचा धीर होत नव्हता. इंजिन सुरेख चालत होतं. ते मला ऐकू येत होतं आणि ऐकू येतंय याची लाज वाटत होती.

अलिबागच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि खरं ते सांगितलं: फार उशीर झालाय. बाला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं, खिडक्यांना कांबळी लावली. उजेड नको, आवाज नको, भांडं पडलं तरी झटका येतो. दुपारी बायको आली. दारातच तिने लुगड्याच्या पदराची चिंधी फाडली, दोन्ही हातांतल्या बांगड्या करकचून बांधून घेतल्या आणि मग आत पाऊल टाकलं.

तीन दिवस आम्ही तिथे एक शब्द बोललो नाही. तो पूर्ण शुद्धीवर होता. या रोगात माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो, ते मला तिथे कळलं. तो माझ्याकडे बघायचा. ठोकळा मी काढला होता, सुईही मीच टाळली, हे मला त्याला सांगायचं होतं. पण माझ्या आवाजानेसुद्धा त्याचं अंग मोडलं असतं. बाहेर रस्त्यावर एसटी सुरू झाली की तो ताणला जायचा. मी उठून रस्त्यावर जायचो आणि ड्रायव्हरला हात जोडायचो, "जरा पुढे नेऊन उभी करा." ते बिचारे करायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी एक झटका आला तो उतरलाच नाही.

कार्य आटोपल्यावर मी गाडी परत आणली. शेपटीचा पत्रा एकट्याने ठोकला. बोटाने दाखवणारं कुणी नव्हतं, पत्रा दोन ठिकाणी उचललेलाच राहिला. ती का पुरी केली, असं लोक विचारायचे. अर्धी ठेवून रोज बघणं मला जमलं नसतं. कारण तेवढंच. दुसरं काही थोर नव्हतं.

हिवाळ्यात मुंबईला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत झाली. त्या गृहस्थांनी गाडी चालवली, मी कडेला उभा होतो. ती तिच्या गटात दुसरी आली. विलायती कारखान्यांतून आलेल्या गाड्या तिच्या मागे होत्या. लोक भोवती जमले. एका वयस्क माणसाने नाकापासून दारापर्यंत हात फिरवला.

"इंजिन तर छानच आहे," तो म्हणाला. "पण ही रेघ! बॉडी कुणी केली?"

"घरीच केली."

"कारागीर कोण?"

"मीच," मी म्हणालो.

बाचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, ते कुठे असतात. त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. खोटं एवढ्या सहज निघालं की मी स्वतःच दचकलो.

घरी आलो तेव्हा बायको मांडवाखाली बोंबील निवडत होती. गाडी दुसरी आली, मी सांगितलं.

"लोकांनी इचारलं असंल, कोनी बांधली म्हनून."

"विचारलं."

"मग?"

मी खरं ते सांगितलं. तिच्याशी खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. तिचे हात थांबले.

"त्या दिशी पाहुन्याला मामा खोटं बोलले, ते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुमी कोनासाठी बोललात?"

ती बोंबलांची पाटी उचलून आत गेली. संध्याकाळी तिने नेहमीसारखं ताट वाढलं. आमचा संसार पुढे चालला, मुलं झाली. तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही आणि मीही उत्तर दिलं नाही.

गाडी मी त्या गृहस्थांकडेच राहू दिली. पुढे त्यांनी ती कुणाला दिली, असं कानावर आलं. मी एसटीच्या वर्कशॉपात लागलो. तिथे रोज दहा-बारा इंजिनं हातांखालून जायची. घरी मात्र मी पुन्हा काही बांधलं नाही. वाडीत गाडी जिथे उभी असायची तिथे तेलाने काळी झालेली वाळू बरीच वर्षं तशीच होती. बायकोने एकदा ती खणून काढली आणि तिथे अळू लावलं.