पाच वर्ग, दोन खोल्या आणि आम्ही तिघं

आमच्या शाळेत खडू कमी पडायचे, बसायच्या टाटपट्ट्या कमी पडायच्या, पावसाळ्यात तर छप्परसुद्धा कमी पडायचं. किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत! आता कोणी विचारलं, "दोन वर्षं खेड्यात शिकवून काय बदल घडवला?" की मी घसा खाकरते, दोन मोठाले शब्द काढते आणि तिसऱ्या वाक्याला माझी गाडी म्हशीवर येते. मग लोक म्हणतात, "ते बदलाचं राहू दे, म्हशीचं सांग!"

आम्ही तिघं होतो. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटचीच. अनिकेत पुण्याचा, कम्प्युटर इंजिनियर. जुई नाशिकची, इतिहासात एम.ए. एका संस्थेची दोन वर्षांची फेलोशिप घेऊन लालबर्र्याजवळच्या एका गावात, सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायला गेलो. शाळा हिंदी माध्यमाची. पोरं घरी मराठी बोलायची, वर्गात हिंदी, आणि भांडताना दोन्ही!

वर्ग पाच, खोल्या दोन आणि मास्तर एकटे. हेडमास्तर रहांगडाले सर. आम्ही येईपर्यंत ते एकाच वेळी पहिलीला बाराखडी आणि पाचवीला भागाकार शिकवायचे. तोंडानं बाराखडी, हातानं भागाकार!

*

सुरुवात आमच्या घरापासूनच झाली. बाबा सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. मी नागपूरहून एम.एससी. करून आले आणि बाबांनी गल्लीत सांगून टाकलं, "पोरगी फेलोशिप करून राह्यली."

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मनाले लावून घेऊ नको वो बाई. फेल होणं काही पाप नाही. आमचा बबलू दोनदा झालता."

मी म्हटलं, "काकू, फेल नाही. फेलो! दोन वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवायचं असतं."

काकूंनी वाटी खाली ठेवली. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, काय जमाना आला! एक तर पोरीले फेल केलं, वरून शिकवाले बी लावलं?"

बाबा तेव्हापासून "ट्रेनिंगले गेली" एवढंच सांगतात.

*

अनिकेतला पहिले दोन महिने आमच्या भागातली मराठी काही कळेना. आमच्याकडे 'येतोय'ला 'येऊन राह्यलो' म्हणतात, 'जेवतोय'ला 'जेऊन राह्यलो'. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

शाळेत पोरांचा भात शिजवायला कौसल्याबाई होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "सर, कुठून येऊन राह्यले?"

अनिकेत म्हणाला, "येतो पुण्याहून, राहतो लालबर्र्याला."

"हौ, पण आत्ता कुठून येऊन राह्यले?"

"आत्ता लालबर्र्याहूनच आलो. पण राहणार नाही, संध्याकाळी परत जाणार."

कौसल्याबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, या सराले राहा म्हणलं कोणी?"

पुढे पुढे मात्र तोही तसाच बोलायला लागला. एकदा जेवताना त्याच्या आईचा फोन आला. "काय करतोयस?"

"जेऊन राह्यलो."

"राहिलास? जेवायचा राहिलास? का रे, कुणी वाढलं नाही?"

"अगं नाही, जेऊन राह्यलो ना!"

"तेच विचारतेय ना मी, का राहिलास!"

चार दिवसांनी पुण्याहून खोकं आलं. चिवडा, चकल्या, शंकरपाळे, मेतकूट. तेव्हापासून डबा रिकामा झाला की अनिकेत मुद्दाम घरी फोन लावायचा आणि पडेल आवाजात म्हणायचा, "आई, जेऊन राह्यलो गं!"

*

आता अनिकेतचाच दुसरा.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, की सकाळी पोरांना गोल बसवायचं आणि 'आज कसं वाटतंय' विचारायचं. पोरांनी मन मोकळं केलं की शिकणं सोपं जातं म्हणे.

अनिकेतनं गोल केला. "बच्चों, आज कैसा लग रहा है?"

"अच्छा लग रहा है, सर जी!" सगळे एका सुरात. रोज हेच. पंधरा दिवस कोणाला दुसरं काही वाटेचना! मग सोळाव्या दिवशी तिसरीतल्या एका पोरीनं विचारलं, "और आपको, सर जी?"

अनिकेत गहिवरला. इतक्या दिवसांत कोणी त्याला हे विचारलंच नव्हतं. तो खरं ते बोलून गेला. "कभी कभी थोड़ा अकेला लगता है."

दुपारच्या भातापर्यंत ही बातमी गावभर झाली. शाळा सुटायला आली तेव्हा फाटकाशी एक आजीबाई उभ्या. पदराला फोटो बांधलेला.

"सर, एकटं काहून राहता? माही नात पाहा."

दुसऱ्या दिवशी आणखी दोन फोटो आले. गुरुवारी तर वारासिवनीहून अख्खी जीप आली. मुलीचे वडील, काका, मामा आणि मध्यस्थ. अनिकेत तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसला. बाहेर रहांगडाले सरांनी मंडळींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, मुलीची सगळी माहिती नीट ऐकून घेतली आणि मग पोत्यांपाशी येऊन हळूच म्हणाले,

"सर, बाहेर या. पोरगी बी.एड. झालेली आहे. स्वतःसाठी नाही, तर निदान शाळेसाठी विचार करा!"

*

वजाबाकी शिकवायला मी सोपं उदाहरण घेतलं. रामूकडे बारा आंबे होते. त्यानं पाच सोमूला दिले. तर उरले किती?

चौथीतल्या पिंकीनं हात वर केला. मला वाटलं उत्तर आलं.

"मॅडम, काहून दिले?"

"अगं, असेच दिले."

"असेच कोणी देते का? सोमू त्याचा कोण लागते?"

"मित्र आहे."

"मित्राले पाच? मंग भावाले किती दिले?"

मी म्हटलं, भावाचं गणितात काही नाही. तर पूर्ण वर्ग उठला! एक जण म्हणाला, रामूचं घर मोठं असेल. दुसरा म्हणाला, सोमूनं फसवलं असेल. तिसऱ्यानं सांगितलं, की झाड सोमूच्या बांधावर असेल, म्हणजे आंबे मुळात सोमूचेच! अर्धा तास सुनावणी चालली. शेवटी मी टेबल आपटलं आणि म्हटलं, "काहीही असो, वहीत उत्तर लिहा!"

पिंकीनं लिहिलं : 'रामू बेवकूफ है.'

वही तशीच हेडमास्तरांकडे सहीला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा रहांगडाले सरांनी त्याखाली लाल पेननं लिहिलं होतं : 'सही है.' आणि आकडा राहिला म्हणून अर्धा मार्क कापला होता!

*

म्हशीचा किस्सा छोटाच आहे.

अनिकेतनं पोरांकडून महिनाभर घोटून घेतलं होतं, की वर्गात येताना दारात थांबून 'मे आय कम इन, सर?' म्हणायचं. न म्हणता आलं की परत दारात जायचं. एक दिवस सरळ एक म्हैसच आत आली. फळ्यापर्यंत! अनिकेत खुर्चीवर चढला आणि ओरडला, "अरे, हिला बाहेर काढा!"

पोरं जागची हलली नाहीत. मागून आवाज आला, "सर जी, पहले दरवाजे तक भेजो. इसने भी नहीं पूछा!"

*

गावात मोबाईलचं नेटवर्क नव्हतं. म्हणजे होतं, पण उंचावर. दर महिन्याला आमच्या संस्थेची ऑनलाइन मीटिंग असायची आणि त्या महिन्यात बोलायची पाळी जुईची होती. विषय, 'वर्गातील स्थैर्य'.

जुईनं सकाळपासून जागा शोधली. शेवटी शाळेमागे धानाच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली सापडली. वर चढली, तर चार काड्या नेटवर्क! पोत्यांवर मांडी घातली, कानात इअरफोन, समोर मोबाईल, आणि बोलायला सुरुवात.

दहा मिनिटांनी ट्रॅक्टरवाला आला. त्यानं वर पाहिलं नाही आणि हिनं खाली पाहिलं नाही. ट्रॅक्टर चालू झाला.

मीटिंगमधल्या पन्नासेक लोकांना जुईच्या मागे आधी शाळा दिसली, मग शाळा लहान झाली, मग झाडं पळायला लागली. जुई बोलतच होती, "मुलांना सगळ्यात आधी हवी असते ती स्थिरता..."

आमच्या संस्थेचे मोठे सर न राहवून म्हणाले, "जुई, मीटिंग सोडून कुठे निघालीस?"

जुईनं पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. "सर, मी नाही निघाले. धान निघालंय!"

पण हिची जिद्द अशी, की तिनं भाषण थांबवलं नाही. हाका ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू जाणार नव्हत्याच. वारासिवनीच्या राइस मिलमध्ये ट्रॉली वजनकाट्यावर चढली तेव्हा तिचा समारोप चालू होता. सगळे ऐकत असतानाच मिलचा मुनीम खालून ओरडला,

"ओ बाई, उतरा खाली! तुमचं वजन धानात लागून राह्यलं!"

*

आणि आता रोशनीचा. संडासाला आता दार बसलेलं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला चौकट होती, दार नव्हतं. त्यामुळे पाचवीच्या मुली दुपारी जेवल्या की घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. दोघींचं तर शाळेतून नाव काढायचं घरी बोलणं सुरू झालं होतं. रहांगडाले सरांनी अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं दिली. आम्ही चादर बांधून पाहिली, ती वाऱ्यानं गेली.

त्याच सुमारास जुईनं एक उपक्रम काढला. प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, म्हणजे पोरं येता-जाता वाचतात. गोंद नव्हता. मग दुपारच्या जेवणातला थोडा भात बाजूला काढायचा आणि त्याच्या शितांनी चिकटवायचं. वर्गात 'कुर्सी', 'खिड़की', 'घड़ा' सगळं झालं. दोन दिवसांत वर्ग संपला आणि पोरं गावात शिरली! हँडपंपावर 'हैंडपंप'. बकरीच्या गळ्यात 'बकरी'. ओसरीत झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या पोटावर 'दादाजी'. रहांगडाले सर दिवसभर पाठीवर 'हेडमास्टर' घेऊन फिरले आणि त्यांना संध्याकाळी बायकोनं सांगितलं.

रोशनी दुसरीत होती. इतकी कमी बोलायची, की सुरुवातीला आम्हाला वाटलं, हिला बोलताच येत नाही. पण लिहायला यायला लागलं होतं आणि चिठ्ठ्या करायला सगळ्यांत पुढे.

अशात एका सकाळी न कळवता एक मोठे साहेब तपासणीला आले. फाटकातच त्यांना ती बकरी भेटली. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि रहांगडाले सरांकडे पाहिलं. "ये क्या है?"

सर म्हणाले, "साक्षरता, साहेब."

साहेब हसले. आम्हाला हायसं वाटलं. मग ते चिठ्ठ्या वाचत वाचतच पुढे निघाले. खिड़की, घड़ा, कुर्सी. मागून आम्ही. वाचत वाचत ते संडासापर्यंत गेले आणि थांबले.

चौकटीवर भाताच्या शितांनी नीट चिकटवलेली चिठ्ठी होती : 'दरवाज़ा नहीं है.'

साहेबांचं हसू गेलं. "ये किसने लिखा?"

रहांगडाले सरांचा चेहरा पांढरा पडला. रिटायरमेंटला त्यांची दोनच वर्षं राहिली होती. जुई पुढे झाली, "सर, उपक्रम माझा आहे..." अनिकेत म्हणाला, "नाही सर, आमच्या तिघांचा आहे." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात रांगेतून रोशनी बाहेर आली.

"मी लिहिलं."

साहेब खाली वाकले. "क्यों लिखा, बेटा?"

"मॅडमनं म्हणलं, सगळ्यावर लिहा. मी लिहाले आली, तर दारच नव्हतं."

साहेबांनी त्या चौकटीतून आत डोकावून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "अच्छा! और क्या-क्या नहीं है?"

ते रागानं विचारत होते की गमतीनं, आम्हाला काहीच कळलं नाही. रोशनी वर्गात पळत गेली. दप्तर घेऊन आली. त्यातून तिनं चिठ्ठ्यांचा एक जाडजूड गठ्ठा काढला, लाल रिबिनीनं बांधलेला. सगळ्यांत वरची चिठ्ठी आम्हा सगळ्यांना दिसली : 'पंखा नहीं है.'

तो गठ्ठा तिनं दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला.

"ह्या बाकीच्या हायेत, साहेब. भात सरला होता."