विकत घेतलेल्या खेळांची वाटणी

आमच्या दोघांत मिळून एकोणीस गेम होते. त्यांची वाटणी करायला बसलो तेव्हा ते नक्की कुणाचे आहेत हा प्रश्न पहिल्यांदा पडला.

दोघं म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ. तो माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे, आणि ते दोन महिने त्याने मला आजवर विसरू दिलेले नाहीत. आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. बारावीनंतर दोघंही बीडला आलो आणि एका खोलीत राहू लागलो, मी बी.ए.ला आणि तो आयटीआयला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरचे माझ्याशी जरा जपून बोलतात. भाऊ ती कसर भरून काढतो.

लॅपटॉप माझा होता, कुणीतरी वापरून सोडलेला, झाकण उघडलं की कण्हणारा. गेमचं अकाउंट मात्र भावाच्या मोबाईल नंबरवर, कारण तेव्हा ऑनलाइन पैसे भरायची सोय त्याच्याच फोनवर होती. प्रत्येक गेमला निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. खेळायची पाळी एक दिवस त्याची, एक दिवस माझी. घरी विहिरीच्या पाण्याची पाळी अशीच असते, त्यामुळे आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही.

ज्या दुकानातून हे गेम घेतले, ते ऑनलाइन दुकान त्या धंद्यातलं सगळ्यात मोठं. नाव घेत नाही. खेळणाऱ्यांना ते माहीत आहे आणि बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही. त्याआधी आम्ही मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर गेम भरून आणायचो. गेमबरोबर व्हायरसही यायचा. तक्रार घेऊन गेलो की तो माणूस आपल्या कॉम्प्युटरवर गेम चालवून दाखवायचा आणि म्हणायचा, "माझ्याकडं तर चालतंय की!" मी पेनड्राइव्ह खिशात घालून परत यायचो.

म्हणून ऑनलाइन दुकानावर माझा जीव जडला, असं म्हटलं तरी चालेल. एकदा आम्ही एक गेम घेतला आणि तो आमच्या लॅपटॉपवर चालेना. परत करता येतो असं लिहिलं होतं. आमच्याकडे दुकानात वस्तू परत करायला जायचं तर सोबत दोन माणसं न्यावी लागतात, त्यातला एक दुकानदाराच्या ओळखीचा हवा. मी कागदावर कारणं लिहून काढली. गेम थोडाच वेळ उघडला होता, चूक आमच्या लॅपटॉपची आहे, राग मानू नये, असं सगळं. बटण दाबलं. कुणी काही विचारलंच नाही. पैसे परत आले.

मी कारणांचा तो कागद घडी करून वहीत ठेवला. भाऊ म्हणाला, "दुकानदारानं शिव्या दिल्या न्हाईत म्हणून वाईट वाटायलंय का बे तुला?"

तेव्हा अर्थशास्त्राच्या सरांनी सेमिनारसाठी विषय निवडायला सांगितलं, तर मी उभं राहून या दुकानाबद्दल बोलू का, असं विचारलं. वर्गात खसखस पिकली. सरांनी मात्र विषय नीट मांडून दिला. एकच दुकान एवढं मोठं होणं ग्राहकाच्या हिताचं आहे का? मी मनात उत्तर देऊनही टाकलं. आहे. मुद्देही तयार होते. सवलतीचे दिवस येतात, परत करता येतं, सगळं एका जागी मिळतं, घेतलेल्यांचे बरे-वाईट अभिप्राय वाचता येतात. तयारी इतकी झाली होती की मी भावाला ते सगळं खिचडी खाताना ऐकवायचो.

सेमिनारला आठ दिवस असताना भावाला पुण्याकडच्या एका कंपनीत काम लागलं.

आनंद झाला, दोघांनाही. मग दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी तिथं लॅपटॉप घेणार हाय, हप्त्यावर. मंग गेमचं काय करायचं?"

"काय करायचं मंजी?"

"निम्मे माझे हायत की."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी भीती कळणार नाही. काही वर्षांपूर्वी माझे आप्पा आणि भावाचे वडील, म्हणजे माझे काका, यांची शेताची वाटणी झाली. जमीन सरळ वाटली गेली. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून मात्र अडलं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप द्यायचा असला की आम्हा पोरांना पाठवतात. वाटणी म्हटलं की मला बांध आठवत नाही, ते न बोलणं आठवतं. आमच्या दोघांचं तसं होईल का, ही एकच धास्ती मला लागली. गेमचं काही वाटत नव्हतं. म्हणजे, थोडं वाटत होतं. एक ट्रक चालवायचा गेम मला फार आवडायचा.

रविवारी आम्ही गावी गेलो. त्याच्या घरी ओसरीवर वही घेऊन बसलो. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करून फायदा नाही. भावाने दोन महिन्यांचा मोठेपणा इथे पुरेपूर वापरला. वहीच्या पानावर रेघ मारली आणि अर्धा तास विचार करून एकोणीस नावं दोन्हीकडे लिहिली. ट्रकच्या गेमशेजारी त्याने दोन भिकार गेम टाकले होते, मोहरमच्या सुट्टीत नुसते स्वस्त आहेत म्हणून घेतलेले.

"हे मुद्दाम केलंस," मी म्हणालो.

"वाटा हाय तो. चांगल्या रानासंगं खडकाळ बी घ्यावंच लागतं."

काकू, म्हणजे त्याची आई, बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने विचारलं, "कशाची वाटणी करायलात रे?"

"गेमची."

"कुठं हायत? आणा की हितं."

"ते घरात नसतात काकू," मी म्हणालो.

"मंग कुणाच्या घरात हायत?"

"दुकानातच असतात. आपण तिथं जाऊन खेळायचं. म्हणजे जायचं नाही, इथूनच."

काकूचे हात थांबले. "इकत घेतलं आन दुकानातच ठिवलं?"

"तसंच असतंय ते."

"मंग उद्या दुकानवाल्यानं न्हाई म्हणलं तर?"

"लई मोठं दुकान हाय आई," भाऊ म्हणाला, "तसं न्हाई करत."

"मोठं हाय म्हणूनच इचारायले," असं म्हणून काकू पुन्हा शेंगा सोलायला लागली. मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

मी ट्रकवाला वाटा उचलला. भांडण न होता वाटणी झाली म्हणून काकूने शेंगदाण्याचे लाडू दिले.

बीडला परत आल्यावर माझ्या वाट्याचे दहा गेम माझ्या नव्या अकाउंटवर घ्यायला बसलो, तर तसं बटणच सापडेना. खरेदीचं बटण हिरवंगार, डोळ्यात भरणारं. परतीचंही होतं. 'दुसऱ्याला द्या' असं कुठेच नव्हतं. मग मी दुकानाच्या मदत विभागाला इंग्रजीतून अर्ज केला. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर'ने केली आणि आम्ही दोघं चुलतभाऊ आहोत, वाटणी रीतीप्रमाणे व दोघांच्या संमतीने झाली आहे, सोबत यादी जोडली आहे, असं सविस्तर लिहिलं. यादीवर दोघांच्या सह्या करून तिचा फोटोही लावला. साक्षीदार म्हणून काकूचा अंगठा घ्यायला हवा होता, असं भाऊ म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. माझे आभार मानले होते आणि आमची अडचण समजू शकतो असंही लिहिलं होतं. पण अकाउंट एकाच माणसाचं असतं; ते विकता, वाटता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मग मी नियमांचं ते लांबलचक पान पहिल्यांदा वाचलं. याआधी दोन-तीनदा न वाचताच 'मान्य' म्हटलं होतं. त्यात होतं की आम्ही गेम विकत घेतलेच नव्हते. वापरायची परवानगी घेतली होती. एवढं गोड 'नाही' मला आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

"मंजी नंबर माझा हाय, तर समदे माझेच," भाऊ म्हणाला. तो हसत म्हणाला, पण म्हणाला.

"आणि निम्मे पैसे?"

"दुकानाला इचार."

"लॅपटॉप माझा आहे. तू काय फोनवर ट्रक चालवणार?"

"माझ्या नंबरशिवाय तू बी न्हाई चालवणार."

त्यानंतर दोन दिवस आम्ही बोललो नाही. एका खोलीत न बोलता राहणं अवघड असतं. कुकर एक, खिचडी एक. "मीठ कमी हाय" हे त्याने भिंतीला सांगितलं आणि "संपलंय" असं मीही भिंतीलाच उत्तर दिलं. मला हसायला आलं नाही. आप्पा आणि काकांचं सुरुवातीला असंच झालं असणार, असं वाटत राहिलं.

त्या दोन दिवसांत मी दुसरी दुकानं पाहिली. आहेत, नाही असं नाही. एकात तर गेम फुकटही देतात. एका छोट्या दुकानातून गेम घेतला की तो पुरता आपल्या मशीनवर ठेवता येतो, दुकान बंद पडलं तरी चालतो. पण आमचा ट्रकचा गेम तिथं नव्हता. शिवाय ज्यांच्याबरोबर आम्ही खेळायचो ते सगळे मोठ्या दुकानात. जे घेतलं होतं ते तिथं नेता येत नव्हतंच, म्हणजे सगळं पुन्हा घ्या. मी त्या दुकानांची पानं बंद केली. मोठं दुकान कुणाला धरून ठेवत नाही. फक्त निघायचं म्हटलं की सामान तिथंच राहतं.

सेमिनारच्या दिवशी माझ्या हातात जुनेच मुद्दे होते. ते सगळे सांगितले, कारण ते खरे होते. मग कागद खाली ठेवला आणि त्यात नसलेलं बोललो. आमचे आप्पा शेळ्या विकायला जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजाराला जातात, कारण गिऱ्हाईक सगळं तिथंच येतं. मोठा बाजार म्हणून भाव बरा मिळतो, फसवणूक कमी होते. तेवढं चांगलंच आहे. पण भाव नाही पटला तर आप्पा शेळी घरी घेऊन येतात. घेणाराही घेतलेली शेळी उद्या दुसऱ्या बाजारात विकू शकतो, भावाला देऊ शकतो. तिथं नियम बाजाराचे असतात, शेळी आपली असते.

वर्ग हसला. सर हसले नाहीत, म्हणजे थोडे हसले. "मग उत्तर काय? हिताचं आहे की नाही?"

"सर, घेताना हिताचं आहे. वेगळं होताना नाही."

"हे उत्तर झालं का?"

"माहीत नाही सर. अजून आमची वाटणी झालेली नाही."

सरांनी बसायला सांगितलं. दुकानावर पर्यायांचा धाक असता तर त्याने वाटणीचं बटण ठेवलं असतं का, यावर विचार करून ये, असंही म्हणाले. तो विचार अजून चालू आहे.

खोलीवर आलो तर भाऊ बॅग भरत होता. मी दारातूनच म्हणालो, आणि या वेळी भिंतीला नाही, "अकाउंट तुझं. सगळे गेम तुझे. मला काही नको."

तो वळला. "असं कावून?"

"असंच. आप्पा आणि काकांसारखं नको."

तो काही वेळ शर्टाची घडी घालत राहिला. ती घडी काही केल्या नीट बसेना. मग म्हणाला, "येडा हायस का बे? मी लॅपटॉप कवा घेणार, हप्ते कवा फिटणार. तवर ते गेम काय दुकानात कुजवू? राहू दे तुझ्या लॅपटॉपवर चालू. वाटणीच न्हाई करायची. दुकानवाला बी न्हाईच म्हणायलाय, मंग आपण कशाला मरायलोत?"

"नियमात बसतं का पण?"

"तू आता नियम वाचत जाऊ नको," तो म्हणाला, आणि वहीतलं वाटणीचं पान फाडून त्यात चपला गुंडाळल्या.

शनिवारी तो गेला. पुढच्या आठवड्यात लॅपटॉपवर दुकानाने मला बाहेर काढलं आणि पुन्हा आत यायला कोड मागितला. कोड अर्थातच त्याच्या नंबरवर गेला होता. दुपारी फोन लावला. त्याची कंपनीतली सकाळची पाळी नुकतीच सुटली होती.

"कोड आलाय का बघ. लवकर, थोडाच वेळ चालतो तो."

"आलाय. काकूच्या गुडघ्याचं काय झालं?" काकू म्हणजे माझी आई.

"बरं आहे. कोड सांग."

"जेवलास का?"

"जेवलो. सांग की!"

"काय केलतं?"

"खिचडी. आकडे सांग लवकर!"

"मीठ होतं का?" मग त्याने आकडे सांगायला सुरुवात केली, शाळेत पाढे म्हणावेत तसे, एकेक, सावकाश. शेवटच्या आकड्यापर्यंत पोचलो तोवर कोडची वेळ संपली होती.

"संपला," मी म्हणालो.

"मंग दुसरा मागव की," तो म्हणाला, "मला काय घाई हाय? हिकडं कोण हाय बोलायला."

मी दुसरा कोड मागवला.