नाम्याचं दूध, सुंदीचं दूध

पोखर्णीहून अक्कांचा भाऊ आला तेव्हा त्यांची सुंदी जेवत होती. दुपारची वेळ. तो दारात उभा राहिला, पायताण न काढता, डोईचा पटका हातात चुरगाळत, आणि त्याच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं. त्यानं काही बोलायच्या आत मी हात वर केला. म्हणाले, थांबा, लेकरू जेवतंय. सुंदीच्या थाळीत वरणात कुस्करलेली अर्धी भाकर होती आणि ती आपल्या नादात, सांडत, गोळा करत, एकेक घास तोंडात घालत होती. सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांनाही मी खुणेनंच गप्प केलं. तिचा शेवटचा घास होईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो... किती वेळ, कुणास ठाऊक. मग तिनं थाळी उचलून मोरीपाशी नेली, हात धुतले, पुसले. मी तिला शेजारच्या घरी पोचवून आले, आणि त्यानंतर आमच्या घरात रडं फुटलं.

कौसाअक्का माझ्या थोरल्या जाऊ. त्यांना जाऊन आता सहा आठवडे होतील. वय तिशीच्या आतलं. त्यांच्याविषयी पेपरात लिहून यावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. आमचे हे शाळेत मास्तर आहेत, घरी पुरवणी येते, मी ती वाचते. हेच म्हणाले, तुझ्या मनात इतकं साठलंय तर लिही. म्हणून बसले आहे. लिहायचं ठरवलं तर एक गोष्ट आधी सांगावी लागेल, आणि तीच सांगायला हात धजत नाही.

मी लग्न होऊन सेलूहून झरीला आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन पाच वर्षं उलटली होती. मी पंधरा वर्षांची. शाळेत सातवीपर्यंत गेलेली, आणि घरकामात बाकी काही म्हणता काही न येणारी. अक्कांनीच मला जोंधळ्याचं पीठ मळायला, भाकरी थापायला शिकवलं. त्यांच्या कडेवर तेव्हा नामा असायचा, पहिला मुलगा, सहा-सात महिन्यांचा, काळाभोर आणि गुबगुबीत. मी चुलीपुढं बसले की तो माझ्या बांगड्या ओढायचा. तो आठ महिन्यांचा झाला आणि अक्कांना पुन्हा दिवस गेल्याचं सासूबाईंच्या ध्यानात आलं. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, पोराचं दूध तोडायचं.

"आत्याबाई, अजून ते धड बसत बी न्हाई," अक्का म्हणाल्या. "भाकर पुढं धरली तर जिभेनं भाईर ढकलतंय. कसं तोडू?"

"पोटुशा बाईचं दूध लेकराला इख असतंय. माझी दोन गेली तशी. तिसरं मी जाऊ देणार न्हाई."

सासूबाई दुष्ट नव्हत्या. हे मला आज कळतं. त्यांची दोन लेकरं खरंच गेली होती आणि त्याचं जे कारण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं ते त्यांनी आयुष्यभर जपून ठेवलं होतं. त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, शांता, परसातल्या कडुलिंबाचा पाला आण आणि बारीक वाट. मी आणला. पाट्यावर वाटला. नवीन सून होते, काम नीट करून दाखवायचं होतं... पाणी घालून घालून मी तो इतका मऊ वाटला की सासूबाईंनी मला शाबासकी दिली. तो अक्कांच्या छातीला लावला. नामा आला, तोंड लावलं, आणि त्याचा चेहरा जो झाला तो मी अजून विसरले नाही. रडण्याच्या आधी क्षणभर तो नुसता आईच्या तोंडाकडं बघत राहिला. हिनं असं का केलं, असं विचारत असल्यासारखा.

दोन दिवस तो रडला. तिसऱ्या दिवशी त्यानं मागणंच सोडलं. सासूबाई म्हणाल्या, बघा, सुटलं. पाणी घातलेलं गाईचं दूध द्यायला लागलो, कण्यांची पेज द्यायला लागलो. त्याला ते गिळता येईना, आणि जे गिळलं ते पोटात ठरेना. हगवण लागली. आठवड्याभरात मांड्यांची कातडी सैल झाली. डोळे मोठे दिसायला लागले. अक्कांनी मग कुणाला न विचारता शिकेकाईनं अंग धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं, आणि त्याला घेऊन कोपऱ्यात बसल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी त्याचं तोंड छातीशी नेलं. नाम्यानं तोंड फिरवलं. त्यांनी दुसऱ्या बाजूला घेतलं. त्यानं पुन्हा फिरवलं. अंगात रडायची ताकद नव्हती, पण मान फिरवण्याएवढी होती... तिसऱ्या आठवड्यात नामा गेला. ज्याच्यापायी त्याचं दूध तोडलं तो गर्भही सातव्या महिन्यात गेला.

अक्का मला कधी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटायचं. परसातल्या लिंबाखाली जायला मला नको व्हायचं. त्या मात्र रोज तिथं भांडी घासत.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली सुंदी झाली. या वेळी अक्कांनी कुणाचंच ऐकलं नाही. आवाज न चढवता, भांडण न करता त्या फक्त ऐकत नसत. सुंदी सात महिन्यांची होऊन आपली आपण बसायला लागली, आणि अक्का घास तोंडाकडं नेत तेव्हा तीही आ करायला लागली, तेव्हा त्यांनी डाळीच्या पाण्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा तिच्या मुठीत दिला. तोंडात घातला नाही, मुठीत दिला. सासूबाई म्हणाल्या, सगळी भाकर मातीत घालवलीस. अक्का म्हणाल्या, "घालवू द्या. तिला कळायलंय." दूधही चालूच होतं. दीड वर्ष झालं, दोन झाली, विहिरीवर बायका हसायच्या, कौसे, लग्नात बी पाजशील का पोरीला? त्या म्हणायच्या, तिचं झालं की ती सोडील. शी-शूला बसवायचंही तसंच. दोन पायांवर बसवून शू शू करणं सगळ्याच करतात, पण पोरीनं कपडे भिजवले म्हणून अक्कांनी तिला कधी चापट मारली नाही. झोपेतून कोरडी उठायला लागली, कणगीआड जाऊन लपायला लागली, की समजायचं आता कळायलंय, असं त्या सांगायच्या. हळूहळू आमच्या आळीतल्या बायका त्यांना विचारायला यायला लागल्या. त्या सगळ्यांना एकच विचारायच्या, "तुझं लेकरू काय करतंय ते सांग, शेजारणीचं नगं."

मला मधू झाला तेव्हा एका दुपारी मी ते बोलून टाकलं. म्हणाले, अक्का, तो पाला मी वाटला होता. त्या जोंधळे निवडत होत्या. हात थांबला नाही. "म्हाईत हाय की. तू वाटला नसतास तर मी वाटला असता. मला बी तवा खरंच वाटलं हुतं." मग हातातले खडे बाजूला टाकून म्हणाल्या, "त्यानं तोंड फिरवलं ते तेवढं जात न्हाई बग माझ्यातून."

तेव्हाच त्यांना खोकला लागलेला होता. पावसाळ्याचा खोकला म्हणून आम्ही काढे दिले. दिवाळीपर्यंत अंगावरचं लुगडं दोनदा गुंडाळावं लागेल इतक्या त्या वाळल्या. भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांना गाडीत घालून परभणीला नेलं. मी सोबत होते. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी क्षय आहे असं सांगितलं, फार पुढं गेलाय असंही सांगितलं, सुया लिहून दिल्या. मग विचारलं, लहान मूल आहे? अंगावर पितं? आजपासून बंद. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, मूल जवळ येता कामा नये.

आम्ही झरीला परतलो. गाडी दारात थांबली आणि सुंदी हात पसरून धावत आली. "शांता, धर तिला!" अक्का ओरडल्या. मी उडी मारून धरलं. अडीच वर्षांची पोर माझ्या हातात माशासारखी तडफडत होती, आणि तिची आई गाडीच्या दांडीला घट्ट धरून उभी होती.

अंगणाच्या पलीकडं कडब्याची छपरी होती. ती मोकळी करून तिथं अक्कांचं अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशीही सुंदीचा आक्रोश थांबेना तेव्हा त्या लिंबाकडं बघायला लागल्या. नुसतं बघितलं होतं. अक्का पलीकडून म्हणाल्या, "पाला न्हाई लावायचा, आत्याबाई. मी तिला सांगते." आणि त्यांनी सांगितलं. मोठ्या माणसाला सांगावं तसं. "सुंदे, आईला खोकला झालाय. खोकल्याचं दूध प्यायचं नसतंय. तू तिकडं बस, मी हिकडं बसते. मी दिसायलेय का तुला? मग झालं." सुंदी तीन दिवस रडली. सासूबाई तिला मांडीवर घेऊन अंगणाच्या अलीकडं बसून राहायच्या, आणि त्याही रडायच्या. पाला वाटायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

चौथ्या दिवसापासून अक्कांनी शिकवायला घेतलं. मी थाळी सुंदीपुढं ठेवायची, आणि त्या छपरीतून बोलायच्या. "उचल. एवढा मोठा न्हाई, ल्हान कर. फुंकर घाल. आता घाल तोंडात. चाव. पाणी पी." आवाज बसलेला, मधेच खोकल्यानं तुटायचा, त्या तोंडाला पदर लावायच्या, मग पुन्हा तिथूनच पुढं. सुंदी रागानं थाळी उलटी करायची. अक्का म्हणायच्या, शांता, दुसरी वाढ. मला ते बघवेना. एकदा मी तिला मांडीवर घेऊन भरवायला लागले तर पलीकडून आवाज आला, "ठिव खाली."

"अक्का, ल्हान हाय ओ ती. तुमीच म्हणता ना, लेकराचं झाल्याबिगर..."

"न्हाईच झालं तिचं. मला दिसत न्हाई का? अजून वर्सभर थांबाया पायजे हुतं. पर माझ्यापाशी वर्स कुठं हाय?" दम लागला म्हणून त्या थांबल्या. "तू भरवशील. पर मधूचं करून, घरातलं करून भरवशील. उद्या हे दुसरी करतील, करू द्या, मानूस हाय. ती बी भरवील, न्हाई असं न्हाई. पर माझ्या पोरीनं कुणाच्या हाताची वाट बगत बसू ने."

मी तिला खाली ठेवलं.

कपड्यांचं मात्र मागं गेलं. सांगून बाहेर जायला लागलेली पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. सासूबाईंनी एकदा हात उगारला तर अक्का म्हणाल्या, मारू नगा, भ्यालंय लेकरू, यील परत. आणि एका दुपारी आलं ते परत. सुंदी खेळता खेळता उठली, स्वतःच न्हाणीमागं गेली, येऊन अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि आईला ओरडून सांगितलं, "आई, मी केली!" अक्का हसल्या. त्या आजारात तेवढ्या एकदाच मोकळ्या हसल्या. त्या हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्यातून रक्त आलं. त्यांनी पाठ फिरवली, पण हात मागं करून पोरीला शाबास, शाबास म्हणून हलवत राहिल्या.

त्यानंतर त्यांच्या आईनं त्यांना पोखर्णीला न्यायचं ठरवलं. गाडी सकाळी निघाली. मी म्हणाले, सुंदीला मागच्या दारी नेते, तिला दिसायला नको. अक्का नको म्हणाल्या. "फसवून जायाचं न्हाई. एकाला फसवलंय." गाडीत बसून त्यांनी तिला हाक मारली, "सुंदे, मी पोखर्णीला जायलेय. तू जेव." सुंदीनं भाकरीचा हात वर करून हलवला. गाडी वळणाआड जाईपर्यंत अक्कांनी पदर तोंडावरून काढला नाही. पुढं महिन्याभरानं त्यांचा भाऊ आला, ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

सुंदी आता कुणाच्या हातचं खात नाही. तिच्या बापानं परवा जवळ घेऊन घास पुढं केला, तर तिनं तोंड मिटून घेतलं आणि त्याच्या हातातला घास काढून स्वतःच्या हातानं खाल्ला. भाऊजी उठून गोठ्यात गेले. अक्कांना हवं होतं तसंच झालं. ते चांगलं झालं का, हे मला विचारू नका.

माझा मधू आठ महिन्यांचा होत आला आहे. नाम्याएवढा. तो बसतो, माझ्या घासाकडं टक लावतो, आ करतो. काल सकाळी मी पहिल्यांदा त्याच्यासाठी भाकर भिजवली. सुंदी म्हणाली, मी भरवते. मला बरं वाटलं, म्हणाले, भरव. तिनं वाटी त्याच्यापुढं ठेवली, नीट सरळ केली. मग ती उठली आणि अंगण ओलांडून पलीकडं गेली. छपरी आम्ही धुऊन, सारवून, चुना मारून रिकामी ठेवली आहे. तिच्या उंबऱ्याशी ती मांडी घालून बसली, आणि तिथून मोठ्यानं म्हणाली, "उचल. ल्हान कर. फुंकर घाल."

मधू इकडंतिकडं बघायला लागला. मी म्हणाले, "सुंदे, एवढ्या लांब का गं बसलीस? जवळ ये, त्याच्या तोंडात घाल की."

ती तिथून हलली नाही. मला काहीच कसं कळत नाही अशा आवाजात म्हणाली,

"काकी, असंच भरवत्यात."