मधून उघडणाऱ्या भिंती

पडदेवाली आत्या म्हणजे साधी सरळ बाई, पण शिलाई मशीनवर बसली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. उभा जन्म पडदे शिवण्यात गेलेला. त्यामुळे भाचीनं प्रदर्शनासाठी कापडाचा भूलभुलैया करायला घेतला, तेव्हा शिवणकाम दुसऱ्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं. वाट एकच, पण वळणं घेत घेत मध्यावर पोचणारी. दोन्ही बाजूंना कापडी भिंती, त्यांच्या दुमडीत तारा. हात लावला की भिंत काहीतरी बोलणार.

भिंती बोलायला लागल्या तर माणसांनी काय करायचं, असं आत्याच्या दादानं, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, विचारलं होतं. पोरीनं चांगली नोकरी सोडली तेव्हापासून बापलेकीत धड बोलणं नव्हतं. पोरही काही कमी हट्टी नव्हे. पण आत्यापाशी तिनं मन मोकळं केलं होतं: बाबांनी एकदा ही वाट पूर्ण चालावी, बाकी कुणी नाही आलं तरी चालेल. आता दादाचा स्वभाव असा, की चहा निवेपर्यंत दम निघायचा नाही. जीभ भाजून घेईल आणि वर चहालाच बोल लावेल. तरी आत्यानं विडा उचलला. आधी गोडीगुलाबी, मग दमदाटी करून तिनं त्याला उद्घाटनाला यायला राजी केलं.

त्या दिवशी सकाळी भिंती दांड्यांवर चढल्या आणि भाचीचा हात एका भिंतीतून आरपार गेला. मग दुसरीतून. आत्यानं सवयीनं प्रत्येक भिंत दोन भागांत शिवली होती, मधून उघडणारी.

"आत्या, ही भिंत आहे गं," भाची रडवेली होऊन म्हणाली.

मधून उघडला नाही तर पडदा कसला आणि खिडकीला त्याचा उपयोग काय, असं आत्या तोऱ्यात बोलून गेली. मग इथं खिडकीच नाही हे ध्यानात आलं आणि तिनं पिनांची डबी उपडी केली. हाताला येतील तेवढ्या पिना टोचल्या. अर्ध्या भिंती व्हायच्या आत पिना संपल्या, आणि दारात दादा हजर.

दादा आत शिरला. कापड जमिनीपासून वीतभर वर होतं, म्हणून बाहेरून त्याचे बूट तेवढे दिसत होते. पहिल्या वळणापर्यंत बूट शहाण्यासारखे गेले, जरा घुटमळले, आणि फट सापडताच भिंतीमागून भिंत ओलांडत थेट मध्यावर. भाचीनं तोंड फिरवलं. पोरीच्या कष्टांवर आपण आपल्या हातांनी पाणी फिरवलं, असं आत्याला झालं. तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं.

मध्यावर एक स्टूल होतं. त्यावर बसलं की भाचीचा आवाज लागायचा. दादा टेकला.

"एवढं चालून आलात, दमला असाल. बसा निवांत. घाई नाही."

बूट बराच वेळ हलले नाहीत. मग उठले आणि आले तसेच फटींतून बाहेर पडले. निघाला हा घरी, असं आत्या धरूनच चालली. पण दादा कुणाकडे न बघता सुरुवातीला गेला आणि पुन्हा आत शिरला. या खेपेला त्यानं एकही वळण चुकवलं नाही. भिंतींना हात लावत, त्यांचं ऐकून घेत गेला. एकीला तर त्यानं उत्तरही दिलं.

बाहेर आला तेव्हा घामानं डबडबला होता. आपलं चुकलं असं या माणसानं कधी कबूल केल्याचं बहिणीला आठवत नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "मघाशी मी मधूनच घुसलो होतो."

"माहीत आहे. बूट दिसत होते," भाची म्हणाली. "मग परत का गेलात?"

"तू म्हणालीस, दमला असाल. आणि मी दमलोच नव्हतो, पोरी."