खफजीचे कंदील आणि माझं ब्लेड

हल्ली सौदीचा टुरिस्ट व्हिसा मिळतो म्हणून वाचक विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे. त्यांच्यासाठी माझी एक आवडती सहल सांगतो. दम्माम ते अल खफजी, साधारण तीनशे किलोमीटर. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला वाळवंट आणि समोर कुवेतमध्ये तळ ठोकून बसलेलं इराकी सैन्य. सीझन जानेवारीचा, साल १९९१. हवा थंड, गर्दी नाही, आणि इराकला निघून जायला दिलेली मुदत संपायला पाच दिवस बाकी. एवढी अनुकूल परिस्थिती पुन्हा जुळून येणं कठीण.

मी तेव्हा दम्मामच्या बाजारात एका घाऊक दुकानात कामाला होतो. गाव दापोली तालुक्यातलं, नाव बशीर, हुद्दा सेल्समन. प्रत्यक्षात माझं काम ब्लेडने लेबलं खरवडायचं. माल यायचा चीनमधून. टॉर्च, थर्मास, छत्र्या, कुलपं, जपमाळा, कंदील, खोकीच्या खोकी. चीनचा राजदूत म्हणे आदल्याच वर्षी रियाधला येऊन दाखल झाला. त्याचा माल हाँगकाँगचा वळसा घालून कितीतरी आधीच आमच्या गोदामात येऊन बसला होता. पण गिऱ्हाइकाला चीन नको असायचं. आमच्या कोकणातला माणूस गावी न्यायला टॉर्च घेणार, तर ती जपानचीच हवी. कंदील घेणार, तर तो इंडियाचा हवा. मग मी रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस लेबलावर फिरवायचो, दाढीच्या ब्लेडने ते अलगद उडवायचो आणि माल फळीवर मांडायचो. खोटं एक अक्षर बोलायचो नाही. खरं होतं तेवढं काढून टाकायचो, बस. चीनचा परदेश व्यापार कसा वाढला यावर मोठमोठे लोक जाडजूड ग्रंथ लिहितात, पण माझ्या ब्लेडचा उल्लेख कोणी करत नाही. असो.

तर एका सकाळी दुकानात गावाहून फोन आला. बायको, जुबैदा. तिचे वडील खफजीत एकटे होते. कुवेतच्या हद्दीला चिकटून असलेल्या त्या गावात त्यांचं बारकं दुकान होतं. तिने चार महिने पत्रं लिहिली, निरोप धाडले, आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: दुकानातले कंदील संपले की येतो. फोनवर ती रडली नाही, ओरडलीही नाही. ती फक्त म्हणाली, "अब्बांना घेऊन या. एकटे गेलात आणि एकटेच परत आलात, तर मला फोन करू नका." लग्नाला चार वर्षं झाली होती. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि सद्दामपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शहराबाहेर जायचं तर कफीलची चिठ्ठी लागायची. ज्याच्या नावावर आपला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तो कफील, आणि तो म्हणेल तिथेच आपण. आमचा कफील मोठ्या मनाचा. त्याने चिठ्ठी दिली, पिकअप दिली, आणि मागे टॉर्चची चौदा खोकी लादली. लढाई येतेय, वीज जाईल, लोक दिव्यांवर तुटून पडतील, विकून ये, यल्ला, नीघ. मी विचारलं, सेल कुठायत? सेल दुसऱ्या कंटेनरमध्ये होते आणि तो कंटेनर अजून समुद्रात होता. माझा मास्क कुठाय, हेही विचारून घेतलं. बड्या कंपन्यांनी आपल्या लोकांना गॅस मास्क वाटले होते. कफीलने मला टॉवेल दिला आणि वेळ आली तर ओला करून तोंडावर बांध म्हणाला. तोही चीनचाच होता.

पहाटे निघालो. जुबैलपर्यंत रस्ता झकास, सहा पदरी, दोन्हीकडे कारखान्यांच्या नळकांड्या. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे प्रवासखर्चाची चिंता करू नका. जुबैलच्या पुढे मात्र रस्ता लष्कराने घेतला होता. रणगाडे लादलेले ट्रेलर, पाण्याचे टँकर, आणि त्यांच्यामधून रांगत चाललेली माझी जपानी पिकअप. ती खरंच जपानची होती, लेबल मी तपासलं होतं.

वाटेत एका पंपावर मलबारी हॉटेल होतं. तिथे थांबाच. अंडा रोटी आणि कपाच्या काठापर्यंत भरलेला दुधाळ चहा. मालक खिडकीच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारत होता. मी खफजीला चाललोय म्हटल्यावर त्याचा हात थांबला. "भाई, सब आदमी उधर से इधर आता है," तो म्हणाला, "तुम इधर से उधर जाता है?" मी म्हटलं, सासरे आहेत तिकडे. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. ते जरा मनाला लागलं.

पुढच्या नाक्यावर सैनिकाने खोकी उघडायला लावली. एक टॉर्च उचलून बटण दाबलं. लागली नाही. दुसरी दाबली, तिसरी दाबली. मी हातवारे करून सांगितलं की आत सेल नाहीत, सेल समुद्रात आहेत. त्याने टॉर्च उलटी केली, खरवडायची राहिलेली पट्टी वाचली आणि साथीदाराला हाक मारून म्हणाला, "सीनी!" म्हणजे चिनी. दोघेही पोट धरून हसले आणि मला सोडून दिलं. लढाईच्या तोंडावर दोन माणसांना हसवल्याचं पुण्य त्या टॉर्चच्या नावावर जमा आहे. दुसरं काही तिने केलं नाही.

दुपारी खफजीत पोचलो. निम्मं गाव रिकामं, शटरं खाली, रस्त्यात मांजरं. बाजाराच्या टोकाला एकच दुकान उघडं, आणि आत स्टुलावर बसून आमचे सासरे कंदिलाची काच फडक्याने पुसत होते. मला बघून उठले, गळाभेट घेतली, जुबैदाची खुशाली विचारली आणि लगेच हमूर मासा आणायला निघाले. जावई आला होता ना. सीमेपलीकडे तोफा उभ्या असोत नाहीतर काही असो, आमच्याकडे जावई आला की मासा आलाच. मासळीबाजार बंद होता, तरी कुणा ओळखीच्या कोळ्याकडून माणसाने मिळवला. खोबऱ्याचं कालवण, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. रातांब्याचं आगळ गावाहून आलेलं. खफजीत कुठे खावं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे हा एकच पत्ता होता.

जेवताना मी विषय काढला. त्यांचा कफील केव्हाच रियाधला सटकला होता, पण सज्जन माणूस, जाताना पासपोर्ट हातात देऊन गेला होता. म्हणजे अडवणारं कोणी उरलं नव्हतं, अब्बा सोडून. ते म्हणाले, चाळीसेक कंदील शिल्लक आहेत. आपल्या इंडियाचा माल आहे, अस्सल. तो चिनी कचरा नव्हे. लोक त्या टॉर्चच्या मागे लागले म्हणून पडून राहिले, आता वीज गेली की बघा. मी भाकरी मोडत होतो. बाहेर माझ्या पिकअपमध्ये त्याच कचऱ्याची चौदा खोकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदत करावी म्हणून एक कंदील पुसायला घेतला. बूड वर करून बघितलं. लेबलाची जागा खरवडलेली होती. मी डावखुरा. माझं ब्लेड उलट्या बाजूने तिरकं जातं आणि डाव्या कोपऱ्यात कागदाचं एक टोक राहतंच, कितीही घासलं तरी. तो कोपरा तिथे होता. दुसरा कंदील बघितला, तिसरा बघितला. सगळे माझे. लग्नाआधी दम्मामच्या गोदामात मीच सोललेले. ज्या अस्सल इंडियन मालापायी माझा सासरा रणगाड्यांसमोर ठाण मांडून बसला होता, तो माल मीच इंडियन केलेला होता.

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. वाटलं, सुटलो. हे सांगितलं की त्यांचा हट्ट मोडेल आणि दुपारपर्यंत आम्ही रस्त्याला लागू. मग त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या प्रेमाने काच पुसत होते की जीभ उचलेना. पण जुबैदाचा आवाज आठवला. म्हटलं, "अब्बा, हे कंदील चीनचे आहेत. लेबलं मी काढलीत. माझ्या हाताने."

त्यांनी काच खाली ठेवली. माझ्या हातातला कंदील घेतला आणि डाव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "माल आला त्याच दिवशी बघितलं. दम्मामला निरोप धाडून विचारलं, तुमच्याकडे डावखुरा कोण आहे? म्हणाले, दापोलीकडचा एक पोरगा आहे. मग घरच्यांना पाठवलं तुमच्या वडिलांकडे."

मी विचारलं, का?

"ज्याला लपवता येतं, पण पुरतं लपवता येत नाही, असा माणूस पोरीला बरा."

चार वर्षं मी समजत होतो की स्थळ माझ्या रूपावर आलं.

मग मी जरा तडकलोच. हे चिनी आहेत हे ठाऊक होतं, तर इथे मरायला बसलात कशाला? त्यांनी कंदील खाली ठेवला. मग शटराकडे बघत म्हणाले की बावीस वर्षं गावाला सांगितलं, खफजीत माझं दुकान आहे. प्रत्येक सुट्टीला पेट्या भरभरून नेल्या. आता हात हलवत गेलो तर मशिदीच्या ओट्यावर काय म्हणतील? लढाईला भिऊन पळाला, दुकान टाकून. कंदिलांचं निमित्त होतं, एवढंच. ते पाठमोरे झाले आणि पुसून झालेलीच काच पुन्हा पुसायला लागले. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळाने सावरले आणि घरातल्या मोठ्या माणसासारखे म्हणाले, तुम्ही निघा. उशीर करू नका. जावई रिकामा परत जाता कामा नये, दुकानातलं काय हवं ते मागा.

आमच्याकडे जावयाने मागितलेलं नाकारत नाहीत. एरवी मला या रिवाजाची लाज वाटते. लग्नात घड्याळसुद्धा मी मागितलं नव्हतं. पण त्या दिवशी सगळी लाज गुंडाळून ठेवली.

"तुम्ही चला," मी म्हटलं. "मला दुसरं काही नको."

मी पुढे बोललो, "गावात सांगा, पळालो नाही. जावई दारात येऊन अडून बसला, मागून नेलं. काय करणार?"

अब्बांनी दुकानभर नजर फिरवली. मग गल्ल्यावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, कंदील घ्या गाडीत.

जुबैलला चहासाठी थांबलो, एका कंत्राटदाराच्या कामगार कॅम्पच्या फाटकापाशी. पाळीहून सुटलेली माणसं भोवती जमली. टॉर्च हातात घेतल्या, सेल नाहीत कळल्यावर खाली ठेवल्या. कंदिलांकडे मात्र हात वळले, कॅम्पात रॉकेल होतं. आझमगढचा एक फोरमन होता, त्याने विचारलं, माल कहाँ का है? अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, दामाद से पूछो, जानकार वही है. त्यांच्या मिशीत हसू होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला म्हटलं, "चायना."

मला वाटलं, तो आता ठेवून देईल. तो म्हणाला, "अच्छा, फिर दो दे दो. कैंप में ताला, केतली, सब वही है. चलता है."

अर्ध्या तासात कंदील संपले. एक अब्बांनी मांडीवर धरून ठेवला. मी मात्र तिथे उभ्या उभ्या बेकार झालो. माझी सगळी कला ज्या गुपितावर उभी होती, ते लोकांना केव्हाच ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. चीनने बाजार जिंकला आणि मला कळवायचं राहून गेलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी अब्बांना विमानात बसवलं. त्याच महिन्याच्या अखेरीस खफजीत रस्त्यारस्त्यांतून लढाई झाली. पुढे अब्बांच्या दुकानाशेजारचा पाकिस्तानी शिंपी भेटला, तेव्हा म्हणाला, तुमच्या दुकानाची समोरची भिंत राहिली नाही, स्टूल होतं त्या जागी खड्डा आहे. टॉर्चची चौदाही खोकी कफीलला सुखरूप परत केली. सेल आले तेव्हा लढाई संपली होती.

उन्हाळ्यात मी गावी गेलो. ओट्यावर अब्बा बसले होते आणि कुणाला तरी सांगत होते, "मी कुठला येतोय! पण जावई हटूनच बसला." मी दिसल्यावर आवाज आणखी चढवला. पुढची एकोणीस वर्षं त्यांनी हे सांगितलं आणि दर खेपेला मी अधिकाधिक हट्टी होत गेलो.

कंदील आमच्या पडवीत आहे. गेल्या महिन्यात त्याची काच फुटली. मुलाने मोबाइलवरून नवी मागवली, आठ दिवसांत घरपोच आली. इतक्या वर्षांनी चीनमधून आलेली काच, नेमकी बसली. तिच्यावर हे ठळक लेबल. माझा हात सवयीने ब्लेडकडे गेला. जुबैदा म्हणाली, राहू द्या.

राहू दिलं. कंदील पालथा करून तिला बूड दाखवलं. तिने डाव्या कोपऱ्यातल्या कागदावर अंगठा फिरवला, अगदी तिच्या बापासारखा, आणि मग पदराने काच पुसत बसली.